दोन ओळी आणि काही आकडे

आमच्या प्रयोगशाळेतले आम्ही चार-पाचजण महिन्यातून एकदा एकत्र बसून गाणे ऐकतो. आमच्यात संगीतातला तज्ज्ञ कोणी नाही. ऐकायचे, आणि शंका आली की शोधायचे, एवढाच नेम. एकदा आम्ही अंतोनिओ विवाल्दी या इटालियन संगीतकाराचा चेलो या वाद्यासाठी लिहिलेला सोनाटा ऐकत होतो. त्याच रचनेची आणखी एक ध्वनिमुद्रिका एकाने आणली होती. दोन्ही लागोपाठ ऐकल्या. चेलोची मुख्य चाल दोन्हींत तीच होती. पण साथीला असलेले हार्प्सिकॉर्ड पहिल्या मुद्रिकेत एक वाजवत होते आणि दुसरीत भलतेच.

प्रयोग करणाऱ्या माणसांना अशी विसंगती स्वस्थ बसू देत नाही. दोन प्रयोगशाळांची निरीक्षणे जुळली नाहीत तर निदान एक चुकली असली पाहिजे. म्हणून आम्ही छापील स्वरलिपी मिळवली. तीत तीन ओळी होत्या: वरची चेलोची आणि खालच्या दोन हार्प्सिकॉर्डच्या उजव्या व डाव्या हाताच्या. गंमत म्हणजे उजव्या हाताची ओळ दोन्हींपैकी एकाही मुद्रिकेशी जुळेना! शेवटी अठराव्या शतकातल्या छपाईची छायाप्रत हाती आली, तेव्हा उलगडा झाला. तिच्यात ओळी दोनच होत्या. वर चेलो, खाली खर्ज. उजव्या हाताची ओळ विवाल्दीने लिहिलेलीच नव्हती. आम्ही जिला 'मूळ' समजत होतो ती आजच्या काळातल्या संपादकाने भरलेली होती, आणि तसे त्याने आतल्या पानावर बारीक अक्षरांत सांगितलेही होते. ते वाचायचे आम्हीच विसरलो होतो.

मग प्रश्न असा पडला: जे लिहिलेच नाही ते वाजवणारा कशाच्या आधारावर वाजवतो? त्यात निसर्गाने ठरवून दिलेले किती, हिशेबाने आलेले किती आणि माणसाने मनाने घातलेले किती? या लेखात आपण ही वाटणी करून पाहू या.

सोनाटा म्हणजे काय?

युरोपीय संगीतात साधारण १६०० ते १७५० या काळाला बरोक काळ म्हणतात. या काळात एकट्या वाद्यासाठी रचना लिहिण्याची एक ठराविक पद्धत रूढ झाली. मुख्य वाद्याची चाल पूर्ण लिहायची, आणि तिच्याखाली अथपासून इतिपर्यंत न थांबता चालणारी खर्जाची एक ओळ लिहायची. या ओळीला इटालियन भाषेत 'बासो कंटिन्युओ', म्हणजे 'सततचा खर्ज' असे नाव पडले. ही ओळ बहुधा दोघे मिळून वाजवतात. एकजण चेलोसारख्या गजाच्या वाद्यावर ती जशीच्या तशी वाजवतो. दुसरा हार्प्सिकॉर्ड, ऑर्गन किंवा मोठ्या ल्यूटवर तीच ओळ वाजवतो आणि तिच्यावर आणखी स्वर रचतो. म्हणून चेलोच्या सोनाटात कित्येकदा चेलो दोन असतात. एक बोलतो, दुसरा आधार देतो.

आपल्या तंबोऱ्याची येथे आठवण होईल, पण फरक मोठा आहे. तंबोरा एका जागी स्थिर राहतो आणि गाणारा त्याच्याभोवती फिरतो. कंटिन्युओचा खर्ज स्वतःच चालत असतो, आणि त्याच्या प्रत्येक पावलाबरोबर वरच्या स्वराचा अर्थ बदलतो.

विवाल्दीचा जन्म १६७८ साली व्हेनिसमध्ये झाला आणि मृत्यू १७४१ साली व्हिएन्नामध्ये. चेलो व कंटिन्युओसाठी त्याने लिहिलेले नऊ सोनाटे आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध आहेत. त्यांपैकी सहा १७४० च्या सुमारास पॅरिसमध्ये छापले गेले. आम्ही ऐकला तो या सहांतला पाचवा, 'ई मायनर' या स्वरमेळातला. त्याचे चार भाग आहेत: संथ, जलद, पुन्हा संथ, पुन्हा जलद.

जाड तातीची अडचण

पहिला प्रश्न वाद्याचाच. विवाल्दीच्या शंभर वर्षे आधी कोणी असा सोनाटा का लिहिला नाही? एक कारण असे, की खालच्या तारेवर चपळ चाल वाजवता येईल असे सुटसुटीत वाद्यच तेव्हा नव्हते. आणि ते नव्हते याचे कारण भौतिकशास्त्राच्या एका सूत्रात आहे. हे सूत्र आपण अकरावी-बारावीला शिकवतो. फ्रान्सच्या मेर्सेन या पाद्री-शास्त्रज्ञाने १६३६ साली तारांचे हे नियम आपल्या ग्रंथात मांडले. तारेची वारंवारता तिच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात असते, आणि दर मीटर लांबीच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते.

चेलोला चार तारा. आजच्या मापाने सर्वांत वरच्या 'ए' तारेची वारंवारता २२० हर्ट्‌झ आणि सर्वांत खालच्या 'सी' तारेची सुमारे ६५ हर्ट्‌झ. दोन्ही तारांची लांबी सारखीच, सुमारे ६९ सेंटीमीटर. दोन्हींना १३ किलोग्रॅम वजनाइतका ताण दिला आहे असे हिशेबापुरते धरू. त्या काळी तारा धातूच्या नसत, मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या तातीच्या असत. तातीची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट. सूत्रात आकडे घातले की 'ए' तारेसाठी जाडी येते सुमारे १.२ मिलीमीटर, आणि 'सी' तारेसाठी सुमारे ४ मिलीमीटर!

चार मिलीमीटर जाडीची तात ही तार न राहता दोरखंडाची धाकटी बहीण होते. आपले सूत्र गृहीत धरते की तार हवी तशी वाकते. जाड तात वाकायला तयार नसते. तिच्यात बारीक लाटा नीट उठत नाहीत, म्हणून आवाज घोगरा आणि मंद निघतो. गज लावल्यावर स्वर उमटायलाही उशीर होतो. अशा तारेवर जलद चाल वाजवायची म्हणजे पोत्यात पाय घालून धावण्यासारखे.

मग उपाय काय? ताण कमी केला तर तार लुळी पडते. लांबी वाढवली तर तात बारीक चालते, पण वाद्य मोठे होते आणि बोटे पोचत नाहीत. सूत्रात तिसरी राशी उरते, दर मीटरचे वस्तुमान. ते वाढवायचे, पण तार ताठर होऊ द्यायची नाही. सतराव्या शतकाच्या मध्यावर कोणीतरी यावर तोडगा काढला: बारीक तातीवर धातूची तार गुंडाळायची. लंडनच्या जॉन प्लेफर्ड या प्रकाशकाने १६६४ साली अशा तारांची नवा शोध म्हणून जाहिरात केली होती. चांदीची घनता पाण्याच्या साडेदहा पट. १.२ मिलीमीटरच्या तातीवर सुमारे ०.३६ मिलीमीटर जाडीची चांदीची तार वेटोळ्याला वेटोळे भिडवून गुंडाळली, की वस्तुमान पूर्वीच्या ४ मिलीमीटर तातीइतकेच भरते, आणि एकूण जाडी होते फक्त १.९ मिलीमीटर. वाकताना ताण सोसते ती आतली बारीक तात. धातूची वेटोळी स्प्रिंगसारखी एकमेकांपासून किंचित सुटतात. ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे ४ मिलीमीटरऐवजी १.२ मिलीमीटरचा गाभा घेतला की तो शंभराहून अधिक पटींनी कमी होतो.

'व्हिओलॉन्चेल्लो' हे नाव छापलेले आढळते ते १६६५ पासून. इटलीत बोलोन्या शहरातला चेलोवादक दोमेनिको गाब्रिएल्ली याने १६८९ साली एकट्या चेलोसाठी रचना लिहिल्या, आणि चेलो व कंटिन्युओचे अगदी सुरुवातीचे सोनाटेही त्याचेच. पुढे १७०७ च्या सुमारास क्रेमोनाच्या स्त्रादिवारीने चेलोचे धड सुमारे ८० सेंटीमीटरवरून ७५-७६ सेंटीमीटरवर आणले. तेच माप आज प्रमाण मानतात. अनेक जुने मोठे चेलो नंतर कापून लहान करण्यात आले. गुंडाळलेली तार नसती तर हे लहान वाद्य खालच्या स्वरांत बोललेच नसते.

करून पाहा

हा प्रयोग वर्गात सहज होतो. एका फळीवर अर्ध्या मीटर अंतराने लाकडाच्या दोन घोड्या ठेवा. मासे धरण्याच्या गळाचा जाड नायलॉन दोरा एका टोकाला खिळ्याला बांधा, घोड्यांवरून न्या आणि दुसऱ्या टोकाला चार किलोग्रॅमचे वजन टांगा. छेडून स्वर ऐका आणि पेटीवर कोठे जुळतो ते लिहून ठेवा. आता दोऱ्याचा अर्धा मीटरचा तुकडा प्रयोगशाळेच्या तराजूत तोला. मोटार गुंडाळणाऱ्याच्या दुकानातून बारीक तांब्याची तार आणा, आणि त्या तुकड्याच्या बरोबर तिप्पट वजनाची तार मोजून घ्या. ती घोड्यांमधल्या दोऱ्यावर सारख्या अंतराने गुंडाळा. एकूण वस्तुमान चौपट झाले, म्हणजे वारंवारता निम्मी झाली पाहिजे. स्वर एक सप्तक खाली यायला हवा. मुलांना हे भाकीत आधी फळ्यावर लिहू द्या आणि मगच तार छेडा. लांबी तीच, वजन तेच, आणि तरी स्वर इतका खाली गेलेला ऐकताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

खर्जावरचे आकडे

आता त्या दोन ओळींकडे परत येऊ. खर्जाच्या ओळीवर ठिकठिकाणी बारीक आकडे छापलेले असतात: ६, ७, ४ आणि ३. कोठे भरपूर, कोठे तुरळक, तर काही हस्तलिखितांत जवळजवळ नाहीतच. ही एक संक्षिप्त लिपी आहे.

खर्जाच्या स्वराला एक मानून वरचे स्वर मोजायचे. स्वरावर आकडा नसेल तर तिसरा आणि पाचवा स्वर घ्यायचा. खर्जात 'सा' असेल तर वर ग आणि प. आकडा ६ असेल तर तिसरा आणि सहावा घ्यायचा. समजा खर्जात 'ग' आहे आणि त्यावर ६ लिहिले आहे. ग एक, म दोन, प तीन, ध चार, नी पाच, वरचा सा सहा. म्हणजे ग, प आणि सा. स्वर तेच तीन, पण पायाशी सा नसून ग आहे. ऐकताना मात्र दोन्हींचा परिणाम वेगळा होतो. पहिला विसावल्यासारखा वाटतो, दुसरा पुढे कोठेतरी निघाल्यासारखा. '४ ३' असे लागोपाठ लिहिले असेल तर आधी चौथा स्वर वाजवून तो तिसऱ्यावर उतरवायचा. 'सा' च्या वर म ताटकळत राहतो आणि मग ग वर सुटतो.

आकडा काय सांगत नाही हेही पाहू. हे स्वर कोणत्या सप्तकात घ्यायचे, तीनच घ्यायचे की सहा-सात, एकदम दाबायचे की एकामागून एक सोडायचे, मधल्या जागेत एखादी छोटी चाल गुंफायची की गप्प बसायचे, यांपैकी काहीच तो सांगत नाही. आम्ही ऐकलेल्या दोन मुद्रिका नेमक्या येथेच वेगळ्या होत्या. आकड्यांशी मात्र दोघेही प्रामाणिक होते.

निसर्गाचा वाटा

आकडा नसेल तर तिसरा आणि पाचवा, हा नियम मनमानी आहे का? पूर्णपणे नाही. कोणतीही ताणलेली तार छेडली की ती एकाच वेळी सबंध, दोन भागांत, तीन भागांत, चार, पाच, सहा भागांत कंप पावते. १, २, ३, ४, ५, ६ पट वारंवारतेचे उपस्वर एकदम उमटतात. मूळ स्वराला सा म्हटले तर ते अनुक्रमे सा, सा, प, सा, ग, प असे येतात. त्यातले चौथा, पाचवा आणि सहावा पाहा: ४:५:६, म्हणजे सा-ग-प. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा 'स्वयंभू गंधार' तो हाच, पाचवा उपस्वर. म्हणजे हार्प्सिकॉर्ड वाजवणारा खर्जावर ग आणि प रचतो, तेव्हा तो तारेत अस्पष्ट असलेलेच स्पष्ट करतो. फ्रेंच संगीतकार रामो याने १७२२ साली स्वरमेळांचे शास्त्र खर्जाच्या पायावर मांडले, आणि पुढे त्याचा आधार उपस्वरांत शोधला.

उपस्वरांचा आणखी एक उपकार चेलोवर आहे. व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या तारेची वारंवारता १९६ हर्ट्‌झ, चेलोच्या खालच्या तारेची ६५, म्हणजे एक तृतीयांश. त्याच प्रमाणात मोठे करायचे तर व्हायोलिनच्या साडेपस्तीस सेंटीमीटर धडाचा चेलो एक मीटरहून मोठा झाला असता. प्रत्यक्षात तो ७५ सेंटीमीटरच आहे. एवढ्या पेटीतून ६५ हर्ट्‌झचा मूळ स्वर क्षीणच निघतो. पण १३०, १९५, २६० असे उपस्वर जोरात पोचतात, आणि त्यांच्यातले सारखे अंतर ओळखून आपला मेंदू मूळ स्वर भरून काढतो. न लिहिलेले भरून काढण्याचे काम वाजवणाऱ्याप्रमाणे आपला कानही करत असतो!

पण येथे थोडे सावध राहू. आपला सोनाटा आहे 'मायनर' स्वरमेळातला. त्याच्या मूळ त्रयीत शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार येतो आणि प्रमाण होते १०:१२:१५. खर्जाच्या तारेच्या पहिल्या सहा उपस्वरांत कोमल गंधार कोठेच नाही. रामोच्या उपपत्तीला येथेच अडखळायला झाले. तेव्हा 'सगळे संगीत निसर्गातच लिहिलेले आहे' हे आकर्षक विधान मुलांसमोर करण्याआधी हा अपवाद त्यांना दाखवायला हवा. निसर्ग काही स्वरांना झुकते माप देतो. रचना मात्र माणूसच करतो.

हिशेबाचा वाटा

वाजवणारे जमले की आधी वाद्ये जुळवायची. येथे एक खरीखुरी अडचण उभी राहते, आणि ती निव्वळ अपूर्णांकांची आहे.

चेलोच्या चार तारा खालून वर सी, जी, डी, ए. शेजारच्या दोन तारांत षड्‌ज-पंचम भाव, म्हणजे ३:२ हे प्रमाण. सी ला सा म्हटले तर जी म्हणजे प, डी म्हणजे वरचा रे आणि ए म्हणजे वरचा ध. तिन्ही अंतरे शुद्ध जुळवली तर खालच्या सा पासून या ध चे प्रमाण येते ३/२ × ३/२ × ३/२ = २७/८, म्हणजे ३.३७५. आता हार्प्सिकॉर्डवर सा आणि ध एकदम वाजवले तर ते गोड लागावेत म्हणून प्रमाण हवे ५/३, आणि एक सप्तक वर १०/३, म्हणजे ३.३३३. दोन्ही ध एक नाहीत! त्यांचे गुणोत्तर ८१:८० येते. या फरकाला कॉमा म्हणतात.

फरक सव्वा टक्क्याचा. एवढ्याने काय बिघडते? हिशेब करू. 'ए' २२० वर धरून शुद्ध पंचमांनी खाली उतरलो तर 'सी' येतो ६५.१९ वर. त्याचा दहावा उपस्वर ६५१.९ आणि 'ए' चा तिसरा उपस्वर ६६०. हे दोन एकत्र वाजले की सेकंदाला सुमारे आठ विस्पंद ऐकू येतात. संथ भागात स्वर लांबवला की हा थरथराट कानाला खुपतो.

कळफलकाच्या वाद्याला सवलत घेता येत नाही. एकदा जुळवले की सबंध सोनाटाभर तेच स्वर. म्हणून पंचमांची अंतरे मुद्दाम किंचित कमी करून कॉमा त्यांच्यात वाटून टाकतात. असे वाटप करण्याच्या कितीतरी पद्धती त्या काळी होत्या. प्रत्येकीत काही स्वरमेळ गोड आणि काही कडू. आपल्याकडे पेटीच्या स्वरांवरून झालेला वाद याच जातीचा. चेलोला पडदे नसतात. त्यामुळे दाबलेला स्वर बोट सरकवून दुरुस्त करता येतो, पण मोकळ्या तारेचा स्वर सरकत नाही. जर्मन संगीतज्ञ क्वान्ट्‌झ याने १७५२ सालच्या आपल्या ग्रंथात सल्ला दिला, की गजाच्या वाद्यांनीही कळफलकाप्रमाणे आपले पंचम थोडे उतरते जुळवावेत. आजही या संगीतातले अनेक चेलोवादक चारही तारा एकेक करून हार्प्सिकॉर्डशी जुळवून घेतात. येथे कोणाचीच चूक नाही. ३ चा कोणताही घात ५ च्या आणि २ च्या घातांच्या गुणाकाराइतका कधी होत नाही. भांडण अंकांचे आहे, वाजवणाऱ्यांनी फक्त समझोता करायचा.

माणसाचा वाटा

आता उरते ते माणसाचे. हार्प्सिकॉर्डची कळ दाबली की पिसाच्या देठाचे टोक तारेला छेडते. स्वर टचकन उमटतो आणि विरत जातो. कळ जोरात दाबली म्हणून तो फारसा मोठा होत नाही. चेलोचे उलट. राळ लावलेला गज तारेला धरून ओढतो, तार निसटते, गज पुन्हा धरतो. खालच्या तारेवर हे सेकंदाला ६५ वेळा घडते, आणि गज चालतो तोवर स्वर टिकतो, वाढवता येतो, हलका करता येतो. एकाकडे ठोका आहे पण टिकाव नाही, दुसऱ्याकडे टिकाव आहे पण स्वरांचे पुंज नाहीत. म्हणून दोघांची जोडी. एकल वाद्याला कळफलक आणि चेलो यांची मिळून साथ सर्वांत परिपूर्ण, असे मत कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख याने १७६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिले आहे.

हार्प्सिकॉर्डला हळू वाजायचे असेल तर मार्ग एकच: कमी स्वर घ्यायचे. जोर हवा तर स्वर वाढवायचे. मोठ्या दालनात आवाज घुमतो, तेथे विरळ वाजवायचे. लहान खोलीत स्वर चटकन विरतात, तेथे भरगच्च. मुख्य चेलोची चाल खालच्या सप्तकात उतरली तर उजवा हात वर नेऊन तिला वाट द्यायची. हे कागदावर लिहिणार कसे? दालन बदलले, वाद्य बदलले, सोबती बदलला की उत्तर बदलते. विवाल्दीने जागा कोरी सोडली ती आळसाने सोडलेली नव्हती. जे त्या क्षणी, त्या ठिकाणीच ठरू शकते ते त्याने तेथे असणाऱ्यावर सोपवले. नंतरच्या काळात ही सवय सुटली. मग संपादकांनी कोऱ्या जागा भरून दिल्या, आणि विसाव्या शतकात व्हँसाँ दँदी या फ्रेंच संगीतकाराने तर याच पाचव्या सोनाटाला तंतुवाद्यवृंदाची साथ लिहून त्याचा कॉन्चेर्तो केला. हे सगळे करायला काहीच हरकत नाही. मात्र कोणती शाई कोणाची, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

आम्ही फसलो ते तेथेच. तीन ओळी छापलेल्या पाहिल्या आणि तिन्हींना सारखाच अधिकार दिला. आपल्या पाठ्यपुस्तकांतही असेच होते. निरीक्षणाच्या बिंदूंमधून काढलेली गुळगुळीत रेषा छापलेली असते. बिंदू निसर्गाने दिलेले, रेषा माणसाने ओढलेली. मुले रेषाच पाठ करतात, आणि प्रयोगवहीत आपले बिंदू रेषेवर येत नाहीत म्हणून ते पुसून पुन्हा लिहितात. असे पुसलेले बिंदू आम्ही स्वतः विद्यार्थी असताना लिहिले आहेत, आणि तपासताना पाहिलेही आहेत.

तेव्हा पुढच्या खेपेला आलेख शिकवताना एक करून पाहा. फळ्यावर फक्त बिंदू काढा आणि मुलांना आपापली रेषा काढू द्या. चार मुलांच्या चार रेषा येतील. सगळ्या बिंदूंशी प्रामाणिक असतील तर लगेच एकीला बरोबर ठरवू नका. आधी विचारा: यातले दिलेले कोणते, आणि तुम्ही घातलेले कोणते?